कागदाचा पंचनामा: इंकजेट फोटो प्रिंटरसाठी स्वतःचं कलर प्रोफाइल कसं बनवायचं

स्क्रीनवर राखाडी दिसणारा दगड कागदावर किंचित जांभळा उतरतो. मग आपण फोटोतला मजेंटा थोडा कमी करतो आणि पुन्हा प्रिंट काढतो. आता दगड बरा दिसतो, पण शेजारचं गवत पिवळं पडलेलं असतं. पाच-सहा कागद आणि बरीच शाई घालवल्यावर एकदाची प्रिंट जमते, आणि पुढच्या फोटोला पहिले पाढे पंचावन्न. हा उद्योग मी बराच काळ केला आहे. चूक फोटोत नसतेच, त्यामुळे फोटो दुरुस्त करून ती जात नाही.

प्रिंटरला आपण आकडे पाठवतो: लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. या शाईत, या कागदावर त्या आकड्यांचा प्रत्यक्षात कोणता रंग होतो, हे कुणीतरी मोजून लिहून ठेवावं लागतं. ते लिहून ठेवलेलं दप्तर म्हणजे आयसीसी प्रोफाइल. १९९३ साली काही कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. त्यांनी ठरवलेल्या स्वरूपामुळेच एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं प्रोफाइल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला वाचता येतं. फाइलच्या आत दोन्ही दिशांचे तक्ते असतात: प्रिंटरच्या आकड्यांवरून खरा रंग, आणि हव्या त्या रंगावरून प्रिंटरचे आकडे. खरा रंग बहुधा लॅब पद्धतीत नोंदवतात. त्यात एल म्हणजे उजळपणा, ० ते १००. ए म्हणजे हिरवा की लालसर. बी म्हणजे निळा की पिवळा.

मी प्रोफाइलला पंचनामा म्हणतो. घटनास्थळी त्या दिवशी जे जसं सापडलं तसं त्यात लिहिलेलं असतं. पंचनामा केल्याने तुटलेलं कुलूप जोडलं जात नाही, आणि पंचनामा झाल्यावर कुणी खोलीतलं सामान हलवलं तर तो कागद निरुपयोगी होतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींसाठी आहेत.

आधी एक प्रश्न: गरज आहे का?

प्रिंटरच्याच कंपनीचा कागद, तिचीच शाई आणि तिनेच दिलेलं प्रोफाइल असं त्रिकूट असेल, तर आधी त्यावर एक चाचणी प्रिंट काढून बघा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी कुठेही रंग न दाखवता उतरली, त्वचेचे रंग पटले, तर हा लेख इथेच सोडून फोटो छापायला घ्या. हल्लीचे प्रिंटर एकाच मॉडेलमध्ये एकमेकांशी बरेच जुळतात. स्वतःच्या प्रोफाइलचा खरा फायदा दुसऱ्या कंपनीचा कागद, बाहेरून भरलेली शाई, किंवा ज्यासाठी तयार प्रोफाइल मिळतच नाही असा आर्ट पेपर वापरताना होतो. बाहेरची शाई असेल तर पर्यायच नाही. कागद कंपनीने दिलेलं प्रोफाइल मूळ शाईवर बनवलेलं असतं.

उपकरण

कागदावरचा रंग मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. मॉनिटर कॅलिब्रेट करायचा कलरिमीटर इथे चालत नाही. तो पडद्यातून येणारा प्रकाश मोजतो, कागदावर पाडायला त्याच्याकडे स्वतःचा प्रकाश नसतो. स्कॅनरवर चार्ट (ठरावीक आकड्यांच्या रंगीत चौकोनांचं छापलेलं पान) स्कॅन करून प्रोफाइल बनवायचे उपायही सांगितले जातात. मी तो नाद करून बघितला आणि सोडला. स्कॅनरचे तीन फिल्टर आपल्या डोळ्यासारखे बघत नाहीत, त्यामुळे शाई बदलली की त्याचा अंदाज चुकतो, आणि नेमका राखाडी छटांमध्ये चुकतो.

आयवन प्रो मालिकेतली उपकरणं पट्टीच्या पट्टी भराभर वाचतात आणि महाग असतात. कलरमंकी फोटो, त्याचा पुढचा अवतार आयवन स्टुडिओ आणि नंतरचा कलरचेकर स्टुडिओ ही त्यांची धाकटी भावंडं. त्यांना मोठे चौकोन लागतात, म्हणून तेवढ्याच कागदावर कमी रंग बसतात. उपकरणासोबत येणारं सॉफ्टवेअर चालतंच. शिवाय ग्रेम गिल यांचं अर्गिल सीएमएस मोफत आहे आणि यातली बरीच उपकरणं त्यावर चालतात. त्यात माउसने दाबायची बटणं नाहीत, सगळ्या आज्ञा टाइप कराव्या लागतात. पण प्रत्येक टप्पा आपल्या हातात राहतो, म्हणून मी तेच वापरतो. उपकरण घ्यायचं नसेल तर चार्ट छापून पाठवल्यावर प्रोफाइल बनवून देणारे लोक असतात. तसं केलं तरी चार्ट सुकेपर्यंतचं सगळं काम तुमचंच आहे, आणि बहुतेक प्रोफाइलं तिथेच बिघडतात.

पहिली पायरी: प्रिंटर ताळ्यावर आणणं

नॉझल चेक काढा. एकही रेघ तुटलेली असेल तर हेड साफ करा आणि पुन्हा काढा. हेड अलाइनमेंट या कागदाच्या जाडीवर करून घ्या. एखादं कार्ट्रिज संपत आलं असेल तर चार्टच्या मध्यात ते संपू देऊ नका. कागद पाकिटातून काढून थोडा वेळ खोलीच्या हवेत राहू द्या, आणि छापायची बाजू कोणती ते नीट ओळखा. मॅट कागदावर ती नजरेला कळत नाही. कोपऱ्यावर ओलसर बोट टेकवा, लेप असलेली बाजू किंचित चिकटते.

दुसरी पायरी: मीडिया टाइप

इथे थोडं रेंगाळू या, कारण घाईघाईने उरकली जाणारी पायरी हीच.

ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आपण 'ग्लॉसी', 'लस्टर', 'मॅट' असं काहीतरी निवडतो. ते नुसतं नाव नसतं. कागदावर जास्तीत जास्त किती शाई ओतायची, फोटो ब्लॅक वापरायची की मॅट ब्लॅक, फिक्या शाईकडून गडद शाईकडे कधी वळायचं, एवढं सगळं त्या एका निवडीने ठरतं. काही प्रिंटरवर हेड कागदापासून किती वर राहील तेही. प्रोफाइल हे सगळं बदलू शकत नाही. शाई जास्त पडून गडद भागात चिखल झाला असेल, तर प्रोफाइल इमानदारीने नोंद करतं की इथे चिखल आहे.

परक्या कागदावर कोणतं मीडिया टाइप घ्यायचं हे कागद कंपनी बहुधा सांगते. तो सल्ला सुरुवातीला घ्या, पण तपासून. मी असं करतो: ० ते २५५ पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने राखाडी चौकोनांची एक पट्टी बनवतो, तिच्या खाली शुद्ध लाल, हिरवा, निळा, सियान, मजेंटा आणि पिवळा यांच्या पट्ट्या. कलर मॅनेजमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने प्रोफाइल लावून आकडे बदलणं, बंद ठेवून हेच पान दोन-तीन मीडिया टाइपवर छापायचं (बंद कसं ठेवायचं ते पुढच्या पायरीत) आणि सुकल्यावर भिंगाखाली बघायचं. शाईची तळी साचली आहेत का? निळ्या-हिरव्या मोठ्या भागात दाणेदार डाग आहेत का? शेवटचे पाच-सहा काळे चौकोन वेगळे दिसतात की एकमेकांत मिसळले?

एका जाड मॅट कागदावर मला याचा चांगला धडा मिळाला. शिफारस केलेल्या सेटिंगवर काळा काही केल्या काळा होईना. चौकोन एकेक करून मोजले तेव्हा दिसलं, की १५ आकड्याच्या चौकोनाचा एल १७ होता आणि ०चा, म्हणजे पूर्ण काळ्याचा, १९. ओतलेली जादा शाई काळा आणखी फिका करत होती. कमी शाईचं मीडिया टाइप घेतल्यावर शेवटचा काळा १६वर आला आणि वरच्या सगळ्या पायऱ्या सरळ रांगेत लागल्या. तोपर्यंत मी त्या कागदाची दोन प्रोफाइलं बनवून टाकून दिली होती आणि दोष उपकरणाला देत बसलो होतो.

मीडिया टाइप ठरलं की प्रिंट क्वालिटी आणि हाय स्पीड म्हणजे दोन्ही दिशांनी छापणं चालू की बंद हेही ठरवा, आणि सगळं ड्रायव्हरमध्ये एका नावाने सेव्ह करा. आता खोलीतलं सामान हलवायचं नाही.

तिसरी पायरी: चार्ट बनवणं

आरजीबीच्या आठ-आठ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक जोड्या होतात. त्यातल्या काहीशे मोजायच्या आणि मधल्या जागा गणिताने भरायच्या, असा हा सौदा आहे. आपल्याला शाई सियान-मजेंटा दिसत असली तरी ड्रायव्हर आपल्याकडून आरजीबीच घेतो, म्हणून चार्टही आरजीबीच हवा.

किती चौकोन? साध्या उपकरणांसोबतचं सॉफ्टवेअर ५० चौकोनांचं पान छापून मोजायला लावतं आणि त्यावरून आणखी ५० ठरवतं. एवढ्या माहितीत निघणारं प्रोफाइल वाटतं त्यापेक्षा बरं असतं, पण राखाडी छटांमध्ये उघडं पडतं. शिस्तीत वागणाऱ्या प्रिंटरला माझ्या मते ४०० ते ९०० चौकोन पुरतात, त्यातले ३०-४० निव्वळ राखाडी असले म्हणजे झालं. दोन हजार चौकोन मोजून ताठ झालेली मान आणि प्रिंटमध्ये शोधूनही न सापडणारा फरक, हा व्यवहार मला कधीच परवडला नाही. चौकोन वाढवण्यापेक्षा दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत दोनशेभर चौकोनांचं कच्चं प्रोफाइल बनवा. अर्गिलच्या टारजेन या चौकोन निवडणाऱ्या आज्ञेला ते दिलं, की कुठे रंग झपाट्याने बदलतो हे बघून ती दुसऱ्या चार्टचे चौकोन तिथे जास्त टाकते.

नंतर अर्गिलचीच दुसरी आज्ञा, प्रिंटटार्ग, त्या आकड्यांचं पान मांडून देते. उपकरण आणि कागदाचा आकार तिला बरोबर सांगा. चौकोनांचा क्रम विस्कटलेला असतो, तो तसाच राहू द्या. शेजारचे रंग एकमेकांपासून दूर असले की पट्टी ओळखणं सोपं जातं.

चौथी पायरी: चार्ट छापणं

नियम एकच: चार्टमधला आकडा कुणीही न बदलता प्रिंटरपर्यंत पोचला पाहिजे. सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर हे तिघंही मदत करायला टपलेले असतात. तिघांनाही गप्प बसवायचं.

फोटोशॉपमध्ये पूर्वी कलर मॅनेजमेंट बंद करून छापायचा पर्याय होता, सीएस५पासून तो गेला. त्यासाठी अ‍ॅडोबीने अ‍ॅडोबी कलर प्रिंटर युटिलिटी नावाचं छोटं, एवढंच काम करणारं सॉफ्टवेअर दिलं. मॅकवर कलरसिंक युटिलिटीतून चार्ट उघडून 'प्रिंट अ‍ॅज कलर टार्गेट' निवडता येतं. लाइटरूममधून चार्ट छापू नका, ते कोणतं ना कोणतं प्रोफाइल लावतंच. याशिवाय ड्रायव्हरमधलं रंग सुधारणं बंद करायचं. एप्सनमध्ये त्याला 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतात, कॅननमध्ये कलर मॅचिंगला 'नन' करायचं, एचपीमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन मॅनेज्ड कलर्स'. आकार शंभर टक्के ठेवा. बॉर्डरलेस बंद करा, कारण ते चित्र थोडं मोठं करतं आणि चौकोन सरकतात.

सगळं खरंच बंद झालं का, हे ताडायची माझी एक युक्ती आहे. चार्टमधला शुद्ध पिवळा, म्हणजे २५५, २५५, ० हा चौकोन भिंगाखाली धरा. बहुतेक प्रिंटरवर तिथे फक्त पिवळी शाई दिसायला हवी. त्यात मजेंटाचे किंवा सियानचे बारीक ठिपके विखुरलेले दिसले, तर मध्ये कुणीतरी हात घातला आहे असं समजा आणि सेटिंग पुन्हा तपासा.

पाचवी पायरी: वाट बघणं

शाई हाताला लागत नाही म्हणजे सुकली असं नाही. तिच्यातले ग्लायकॉलसारखे द्रावक सावकाश उडतात आणि तोवर रंग सरकत राहतो. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) आणि ग्लॉसी कागद असेल तर पूर्ण २४ तास थांबा. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) लवकर स्थिरावते, तरी मी चार्ट रात्रभर तसाच ठेवतो. एकावर एक रचू नका, हेअर ड्रायर लावू नका, उन्हात ठेवू नका.

सहावी पायरी: मोजणं

टेबलावर आधी त्याच कागदाचे तीन-चार कोरे तुकडे पसरा आणि त्यावर चार्ट ठेवा. पातळ कागदातून टेबलाचा रंग आरपार येतो. उपकरण त्याच्या पांढऱ्या फरशीवर कॅलिब्रेट करा. ती फरशी धुळकट असेल तर तिथूनच चूक सुरू होते. मग अर्गिलची मोजणीची आज्ञा, चार्टरीड, सुरू करून एकेक ओळ वाचायची. उपकरण पट्टीबाहेरच्या कोऱ्या कागदावर टेकवायचं, बटण दाबून ठेवायचं, थोडं थांबायचं, आणि एकसारख्या गतीने ओढत पलीकडच्या कोऱ्या भागात नेऊन बटण सोडायचं. वेग जास्त झाला की एका चौकोनाचे पुरेसे नमुने मिळत नाहीत आणि सॉफ्टवेअर ओळ नाकारतं. पहिल्या चार-पाच ओळी रडतखडत जातात, मग हाताला ताल सापडतो. ओळ स्वीकारताना काही इशारा आला तर दुर्लक्ष करून पुढे जाऊ नका, ती ओळ पुन्हा वाचा. चार्टवर बोटं टेकवू नका. मॅट कागदावर बोटाने गुळगुळीत झालेला काळा वेगळाच मोजला जातो.

एम०, एम१ आणि एम२ या पर्यायांनी लोक उगाच बिचकतात. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घालतात. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून मोजताना पडणाऱ्या प्रकाशात अतिनील किती आहे यावर आकडे बदलतात. एम०मध्ये जुन्या तारेच्या दिव्याइतकं, एम१मध्ये डी५० या दिवसाच्या प्रमाण उजेडाइतकं, आणि एम२मध्ये ते गाळलेलं. प्रिंट खिडकीच्या उजेडात राहणार असेल तर एम१ घ्या. अतिनील गाळणाऱ्या काचेमागे किंवा एलईडी दिव्याखाली जाणार असेल तर एम२. कागदात ब्राइटनर नसतील तर तिन्हींत फरकच पडत नाही.

मोजून झालं की लगेच दोन आकडे बघा. कोऱ्या कागदाचा बी उणे ५च्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर ब्राइटनर भरपूर आहेत. आणि सगळ्यात गडद काळ्याचा एल: चांगल्या ग्लॉसी कागदावर ४-५, मॅटवर १६-१७ अपेक्षित असतो. ग्लॉसीवर १२ दिसला तर पुढे जाऊ नका, चुकीचं मीडिया टाइप किंवा चुकीची काळी शाई लागली आहे.

सातवी पायरी: प्रोफाइल तयार करणं

हे काम संगणकाचं आहे, आपल्याला दोन-तीनच गोष्टी ठरवायच्या असतात. गुणवत्ता 'हाय' पुरे. पर्सेप्च्युअल तक्त्यासाठी (न झेपणारे रंग बसवताना सगळेच रंग थोडे आवळणारा तक्ता) उगमाची कलर स्पेस, म्हणजे मूळ फोटोतल्या रंगांचा आवाका, विचारतात, तिथे मी अ‍ॅडोबी आरजीबी देतो. त्याहून बरीच मोठी प्रोफोटो आरजीबी दिली तर फोटोत कधीच नसणाऱ्या रंगांना जागा करून देण्यासाठी बाकी सगळे रंग आवळले जातात आणि प्रिंट मरगळलेली दिसते. अर्गिलच्या कोलप्रॉफ या प्रोफाइल बनवणाऱ्या आज्ञेला ही स्पेस सांगितलीच नाही, तर वेगळा पर्सेप्च्युअल तक्ता बनतच नाही.

नाव विचारपूर्वक द्या: प्रिंटर, कागद, मीडिया टाइप, तारीख. प्रिंट करताना यादीत फाइलचं नाव दिसत नाही, आतलं वर्णन दिसतं, म्हणून ते नाव वर्णनात घाला. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल करायचं. मॅकवर लायब्ररीतल्या कलरसिंकच्या प्रोफाइल्स फोल्डरमध्ये टाकायचं, आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडायचं.

आठवी पायरी: तपासणी

प्रोफाइल बनवताना सॉफ्टवेअर सरासरी चूक सांगतं, डेल्टा ई या दोन रंगांतला फरक मोजणाऱ्या एककात. तो आकडा फक्त इतकंच सांगतो, की गणित मोजलेल्या आकड्यांवर किती बसलं. विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासल्यासारखं आहे ते. खरी परीक्षा वेगळी: चार्टमध्ये नसलेले पन्नासेक रंग घ्या, नव्या प्रोफाइलमधून अ‍ॅब्सोल्यूट कलरिमेट्रिकने (कागदाच्या रंगासकट नेमका तोच रंग मागणाऱ्या पद्धतीने) छापा, सुकवा, मोजा. प्रिंटरला झेपणाऱ्या रंगांत सरासरी २च्या आत आली की मी थांबतो. एखाद-दुसरा चौकोन ४-५ दाखवतो, त्याच्यामागे लागत नाही.

मग डोळे. राखाडी पट्टी, चेहरे, आणि गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत जाणारा सलग उतार. उतारात पायऱ्या पडल्या किंवा निळा मध्येच जांभळा झाला, तर त्या भागात चौकोन कमी पडले. प्रिंट ५००० केल्विनच्या चांगल्या दिव्याखाली किंवा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी बघा. रंग बरोबर पण सगळंच काळपट वाटत असेल, तर दोष बहुधा मॉनिटरचा. तो ८० ते १२० कँडेलावर आणा. कारखान्यातून येताना तो बराच जास्त प्रखर असतो.

रोजचा वापर

इथे एक घोळ हमखास होतो. चार्ट छापताना कलर मॅनेजमेंट सगळीकडे बंद होतं. फोटो छापताना ते फोटोशॉपमध्ये चालू आणि ड्रायव्हरमध्ये बंद हवं. म्हणजे 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स', खाली आपलं प्रोफाइल, आणि ड्रायव्हरमध्ये चार्टसाठी सेव्ह केलेलं तेच सेटिंग. दोघांनीही रंग सांभाळले तर प्रिंट मजेंटाकडे झुकते किंवा भडक होते. इंटेंट, म्हणजे न झेपणाऱ्या रंगांचं काय करायचं ती पद्धत, मी आधी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक घेतो (झेपणारे रंग तसेच ठेवणारी), ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा प्रिंटरच्या काळ्यावर बसवणं) चालू ठेवून. फुलांच्या पाकळ्यांसारखे गडद, भरलेले रंग सपाट होताना दिसले तर पर्सेप्च्युअल. कोणता बरा हे सॉफ्ट प्रूफवर, म्हणजे प्रिंटच्या पडद्यावरच्या झलकेवर, फोटोगणिक ठरवा. त्यात 'प्रिझर्व्ह नंबर्स'वर खूण राहिली तर दिसणारं सगळं खोटं असतं. निव्वळ कृष्णधवल फोटोंसाठी ड्रायव्हरचा वेगळा कृष्णधवल मोड वापरत असाल, तर हे प्रोफाइल तिथे लागू नाही.

शाईचा ब्रँड, कागदाचा नवा साठा किंवा हेड बदललं की तपासणीचे ते पन्नास चौकोन पुन्हा छापून मोजा आणि जुन्या आकड्यांशी ताडा. फरक किरकोळ असेल तर प्रोफाइल तसंच चालू द्या. ड्रायव्हर अपडेट झाल्यावरही हे करा. एकदा अपडेटनंतर माझ्या सावल्या हिरवट यायला लागल्या आणि मी अख्खा चार्ट पुन्हा छापायला बसलो होतो. पिवळा चौकोन भिंगाखाली धरला तेव्हा त्यात सियानचे ठिपके दिसले. अपडेटने रंग सुधारणं गुपचूप चालू करून ठेवलं होतं. एक खूण काढली आणि जुनंच प्रोफाइल पुन्हा बरोबर चालू लागलं. तेव्हापासून प्रत्येक चार्टच्या मागे मी पेन्सिलीने तारीख, मीडिया टाइप, क्वालिटी आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहितो आणि तो लिफाफ्यात घालून अंधारात ठेवतो.